मुलाला डाऊन सिंड्रोम, वय ७. थेरपी किती वर्षं? चारचौघांत कसं न्यावं? (चोपडा)

चोपड्याची आई
आठवड्यातून दोनदा एसटीने जळगावला नेते, स्पीच आणि फिजिओसाठी. अख्खा दिवस मोडतो. आता दोन-तीन शब्द जोडून बोलतो. घरात विचारतात, अजून किती वर्षं? लग्नाला निघालो की म्हणतात, त्याला शेजारी ठेवून जा. गल्लीतली पोरं खेळायला घेत नाहीत. खेपा कमी केल्या तर मागे पडेल का?

भुसावळची मावशी
ताई, माझी मुलगी १९ची. एकदम बंद करू नका. आम्ही हळूहळू महिन्यातून एका खेपेवर आलो, तेही ती दहाची झाल्यावर. मधल्या दिवसांचं काम वहीत लिहून आणायचे. या मुलांचे स्नायू सैल असतात. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कणीक मळणं, तिच्या बोटांत ताकद यानेच आली. ऐकण्यापेक्षा पाहून लवकर कळतं, म्हणून सकाळच्या कामांची चित्रं भिंतीवर लावली. बोलणं अडलंय वाटलं तर आधी कान तपासा. हिच्या कानात पाणी साठलं होतं आणि आम्ही वर्षभर हट्टी म्हणून रागावलो. त्याचं अजून वाईट वाटतं. थायरॉइडही दरवर्षी तपासा.

लग्नाला न्याच. आमच्याकडे कानबाई देवीच्या सणाला रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू घेतात. सासऱ्यांनी एका वर्षी नातीच्या नावाचेही घेतले, तिच्याच मुठीने. त्यानंतर भाऊबंदांत 'हिला कशाला आणलं' असं कुणी विचारलं नाही.

धुळ्याची विशेष शिक्षिका
ताई, सगळी गल्ली एकदम नको. एकाच मुलाला घरी बोलवा, २० मिनिटं, आळीपाळीने खेळायचा खेळ द्या. कोलांटउड्या मात्र मानेचे मणके डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. दिव्यांगांसाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) १८ वर्षांपर्यंतची मुलं बघतात, तिथे चौकशी करा. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्याने ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत मोफत शिक्षण त्याचा हक्क आहे, शाळेने नाही म्हटलं तर लेखी मागा. आठ वर्षांचा झाला की स्पेशल ऑलिम्पिक्सच्या (बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या) स्पर्धांतही उतरता येतं.

चोपड्याची आई
मावशी, कान शेवटचे कधी तपासले तेच आठवत नाही. या खेपेला दाखवते. समोरच्या घरातला एक मुलगा याच्याकडे बघून हसतो, उद्या त्यालाच बोलावते. रोटांचं सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा वाच म्हणाल्या.