निवांत सायकल दौरा: पुण्याजवळचं कोणतं खोरं? (घाट नको, घाई नको)

निवांत_पायडल:
नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडचे, मी ५४ आणि हे साठीला टेकलेले. दोघांकडे गिअरच्या हायब्रिड सायकली आहेत, गाडीला मागे रॅक आहे. दिवाळीनंतर दोन दिवस नदीकाठानं सायकलवर हिंडायचं मनात आहे. दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर, त्याहून जास्त नको. देऊळ दिसलं तर टेकणार, चहा दिसला तर पिणार. मला पक्षी दिसला की थांबायचं असतं आणि यांना पूल दिसला की. (निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. रस्त्यातली एक मोरी सोडत नाहीत.)

एका ग्रुपबरोबर जाऊन बघितलं. पहाटे पाचला कात्रज, उजाडेपर्यंत खंबाटकी, आणि नाश्त्याला बसल्यावर पहिला प्रश्न, "काकू, अ‍ॅव्हरेज किती?" आमचा अ‍ॅव्हरेज तासाला दोन चहा.

डोक्यात मुळशी-ताम्हिणी आहे. पाणी, झाडी, डोंगर, सगळंच आहे तिथे. सावकाशीनं कोणी केलंय का? मुक्काम कुठे करावा? आणि बायकांच्या सोयीचं काय, तेही मोकळेपणानं सांगा.

भातखाचर:
ताई, ताम्हिणी सोडून द्या. रस्ता देखणा आहे, पण तो खाली माणगावला उतरतो. म्हणजे कोकणात जाणारा सगळा लवाजमा तुमच्या कोपराला घासून जाणार. शिवाय भूगाव-पिरंगुटच्या गर्दीतून पौड गाठेस्तोवर निम्मा जीव तिथेच जातो.

मी मूळचा नाणे मावळातला. नोकरीपायी पिंपरीत आलो, पण सायकल अजून गावाकडेच वळते. निवांत फिरायचं तर जो रस्ता पुढे कुठेच जात नाही, तो धरायचा. आमच्याकडच्या नद्या सह्याद्रीच्या कड्यापाशी उगवतात आणि पूर्वेला वाहत येतात. इंद्रायणीच्या खोऱ्यात रेल्वे, जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे घुसलेत, ते गेलं. पवनेच्या काठाला तंबूवाले आणि लोहगडची गर्दी. उरली दोन खोरी: कुंडलिकेचं नाणे मावळ आणि आंद्रेचं अंदर मावळ. दोन्हीकडे रस्ता नदीच्या अंगानं वर जातो आणि घाटमाथ्यापाशी संपतो. तिथून कोकणात पायवाटा उतरतात, कुसूरच्या घाटासारख्या, मोटार उतरत नाही. मग त्या रस्त्याला असतं कोण? गावातली माणसं, दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल, शाळेची पोरं, आली तर एसटी. चढसुद्धा नदी उतरते तेवढाच, बेताचा. दम काढतो तो एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणारा रस्ता, कारण मध्ये डोंगराची सोंड आडवी पडलेली असते. म्हणून गोल फेरी मारायचा मोह नको, गेलात त्याच रस्त्यानं परत या. साहेब कुरकुरले तर सांगा, मोऱ्या दुसऱ्या बाजूनंही बघता येतात.

पहिला दिवस: कामशेतला गाडी लावून नाण्याचा रस्ता धरा. पुढे गोवित्री आणि शेवटी जांभिवली. एका बाजूचं अंतर पंधरा-वीस किलोमीटर. वाटेत कुंडलिकेवरचं वडिवळे धरण आहे. जांभिवलीच्या पुढे रानात कोंडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, ढाकच्या बहिरीला, म्हणजे कड्यातल्या गुहेतल्या देवाला, जाणारे तिथूनच निघतात. पावसाळ्यातल्या रविवारी तिकडे फिरकू नका, धबधब्याला जत्रा असते. दिवाळीनंतर मधल्या वारी गेलात तर देवळात तुम्ही दोघंच.

दुसरा दिवस: कान्हे फाट्याला गाडी लावून टाकवे, वडेश्वर, आणि पाय म्हणतील तिथपर्यंत कुसूरच्या दिशेनं. साहेबांना ठोकळवाडी धरणाची भिंत दाखवाच. टाटांचं धरण, आंद्रा नदीवरचं. नदी वाहते पूर्वेला, पण अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला खाली भिवपुरीच्या वीजकेंद्राला जातं. तिथे तुम्हाला पक्षी बघायला भरपूर वेळ मिळेल.

तुम्ही जाल तेव्हा भाताची कापणी-झोडणी चाललेली असेल. कुठे कुठे डांबरावरच भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक नेऊ नका, उतरून बाजूनं जा. थांबून चार शब्द बोललात तर इंद्रायणी तांदूळ घरूनच विकत मिळेल. हे वाण आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेलं. दुकानातल्या पिशवीवर नाव तेच असतं, वास तो नसतो. पाच किलो कॅरियरवर सहज बसतो.

पंक्चरपट्टी:
भातखाचरदादांचं मावळप्रेम जुनं आहे 🙂 पण एकट्या मावळालाच नदी नाही. आमची कऱ्हा आहे की. गाडीनं दिवेघाट चढून सासवडला जा. कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावरचा संगमेश्वर बघा, चांगावटेश्वर बघा, मग आतल्या रस्त्यांनी अंजिराच्या बागांमधून हिंडा. उघडं माळरान आहे, नजर लांबवर जाते. पाणी मात्र मावळासारखं नाही, हे कबूल.

सायकलीबद्दल थोडं. दोन जास्तीच्या ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप बरोबर हवेतच. कुंपणाच्या बाभळीचे काटे रस्त्यावर सांडलेले असतात. पंक्चर निघालं की ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. आणि हवा दगडासारखी टणक भरू नका. ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला खेड्यातल्या रस्त्यावर थोडी कमीच बरी, मनगटं दुवा देतील.

निवांत_पायडल:
दादा, "कुठेच न जाणारा रस्ता" यांना एवढा पटला की ताम्हिणी माझ्या डोळ्यांदेखत रद्द झालं. ठोकळवाडीचा नकाशा टेबलावर पसरलाय, जेवायला हाक मारून थकले. कऱ्हा जानेवारीसाठी राखून ठेवते.

दोन शंका. वारा कसा असतो? आणि माझा शेवटचा प्रश्न दोघांनीही अलगद ओलांडला, पुरुषमंडळी!

डबलसीट:
ताई, त्याचं उत्तर मी देते, मी आणि माझी जाऊ अशाच फिरतो. कामशेत आणि कान्हे सोडलं की हॉटेल-बिटेल विसरायचं. शाळा सुरू असेल तर बाईंना विचारावं, नाही म्हणत नाहीत. ग्रामपंचायत उघडी असेल तर तिथे. नाहीतर सरळ एखाद्या घरी, अंगणात बाई दिसेल तिथे थांबून "मावशी, जरा आत जाऊ का?" म्हणायचं. आजवर कोणी दारातून परत पाठवलेलं नाही, उलट चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. (तुमचा अ‍ॅव्हरेज सुधारेल.) पाणी कमी पिऊन निघायचा शहाणपणा मात्र करू नका, दुपारी डोकं धरतं.

मुक्काम खोऱ्यातल्या घरगुती ठिकाणी होतो, पण आधी फोन करून स्वयंपाकाचं सांगून ठेवा. पिठलं-भाकरी आयत्या वेळीही मिळते, बाकी नाही. मी तर म्हणेन मुक्काम कामशेतच्या आसपासच करा. दोन्ही खोऱ्यांची तोंडं तिथून जवळ आहेत, आणि सामान खोलीवर ठेवून हलक्या सायकलीनं फिरता येतं. अंधार लवकर पडतो, साडेपाचच्या आत परत. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

सकाळी वेळ असेल तर कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला बेडसे लेणी आहेत, पूर्वाभिमुख, म्हणजे ऊन थेट खांबांवर येतं. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा गुडघ्यांना विचारून ठरवा.

भातखाचर:
डबलसीटताईंनी माझी बाजू सांभाळली, आभार. वाऱ्याचं असं: पावसाळ्यात तो पश्चिमेचा आणि जोरदार, जाताना तोंडावर, येताना पाठीवर. तुमच्या वेळेला जोर नसतो, पहाटे गारवा तेवढा. खोऱ्यात सकाळी धुकं साचतं, आठच्या आधी निघायची गरज नाही.

एक मात्र बजावून सांगतो, खास साहेबांसाठी. जुना लोखंडी पूल दिसला की वर जाऊन उभं राहायचं नाही. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल जून २०२५ मध्ये माणसांसकट कोसळला, चार जीव गेले. बघायचा तर काठावरून.

निवांत_पायडल:
वाचून दाखवलं. "भार किती, गर्डर कुठल्या सालचा" सुरू झालंय, पण काठावरूनच बघायचं कबूल करून घेतलं. कार्तिकी एकादशी झाली की मधला मंगळवार-बुधवार ठरला. दादा, तांदूळ पाच नाही, दहा किलो हवाय, शेजारणीनं आत्ताच सांगून ठेवलाय. तेवढा गाडीत टाकू, कॅरियरवर नको.