आईसाठी गाडीची पायरी: विजेवरची, घडीची की सुटं स्टूल?

नर्मदाकाठची (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस आहे, इथल्याच पीथमपूरला बनलेली. गेल्या वर्षी आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं करून घेतलं. ह्यांना निवृत्तीनंतर फिरायचंय आणि मला आईला घेऊन फिरायचंय. आई ७४ वर्षांची आहे. उंची चार फूट दहा इंच, उजवा गुडघा झिजलेला. हृदयाचा त्रास असल्यामुळे डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनला नको म्हणतात.

अडचण दारातच आहे. जमिनीपासून दारातल्या पायरीपर्यंत १७ इंच भरतात. नळ्या खालून न्यायच्या म्हणून फ्लोअर आम्हीच उचलून घेतलं, त्यामुळे त्या पायरीपासून फ्लोअरपर्यंत आणखी साडेदहा इंच झाले. आजवर प्लास्टिकचं स्टूल ठेवत होतो. दिवाळीनंतर ओंकारेश्वरहून परतताना बडवाहजवळ एका ढाब्यावर थांबलो. फरशी नुकतीच धुतलेली होती. आईने स्टुलावर पाय टाकला आणि स्टूल सरकलं. मी दंड धरला होता म्हणून ती पूर्ण पडली नाही, पण मनगट महिनाभर सुजलेलं होतं. तेव्हापासून प्रत्येक वेळी एकच उत्तर, "तुम्ही दोघं जाऊन या, मी घर बघते." तिला यायचंय, हे मला माहीत आहे. महेश्वरच्या घाटावर ती लहानपणी मामांबरोबर पोहायला जायची. त्या गोष्टी अजून सांगते.

आता बाजारात तीन प्रकार दिसतात. दार उघडलं की आपोआप बाहेर येणारी विजेवरची पायरी. हाताने ओढायची घडीची, ॲल्युमिनियमची. आणि कडक सुटं स्टूल, रबरी पायांचं. ह्यांचं मन विजेवरच्या पायरीवर बसलंय. मला नक्की कळत नाही. आई पाचवारी नेसते, चप्पल काढून गाडीत चढते आणि कुणी ओढून वर घेतलं की तिला फार वाईट वाटतं. तिने स्वतः चढावं आणि स्वतः उतरावं, एवढीच माझी इच्छा आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ताई, माझ्या गाडीला विजेवरची पायरी आहे, तीन वर्षं झाली. कोरड्या दिवसांत फार सोयीची. पण ती गाडीच्या पोटाखाली असते, मागच्या चाकांपासून हातभर अंतरावर. पावसाळ्यात चिखल थेट तिच्या सांध्यांवर उडतो आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. दोन वेळा ती अर्ध्यावर अडकली. मोटर बंद पडली तर हाताने आत ढकलता येईल अशी सोय आहे की नाही, हे दुकानातच त्यांना करून दाखवायला लावा. दुसरी गोष्ट, गाडी चालू केली की पायरी आपोआप आत गेलीच पाहिजे. माझी तशी नव्हती. उघडी राहिली आणि स्पीडब्रेकरला घासली. नंतर वायरिंग बदलून घेतलं आणि वेगळा फ्यूज टाकला.

आणि वेल्डिंगला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरबदल करण्याबाबतच आहे. मिटलेली पायरी बॉडीच्या बाहेर डोकावता कामा नये, याकडे आमच्या इथे फार बारकाईने बघतात.

पायाखाली (देवास)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गाडी बाजूला ठेवा, आधी आईंकडे बघू. तुमच्या घरी जिना असेल ना? आई रोज कुठल्या पायऱ्या विनातक्रार चढतात, त्यांची उंची टेपने मोजा. आपल्याकडे सार्वजनिक इमारतीत पायरी १५० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास सहा इंच, ठेवायला सांगतात. घरासाठी १९० पर्यंत चालते. तुमचे १७ इंच म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि आतले साडेदहासुद्धा त्या गुडघ्याला फार आहेत. सगळे बाहेरच्या पायरीबद्दल बोलताहेत, मला आतली जास्त घातक वाटते, कारण तोवर माणूस थकलेला असतो आणि पकडायला काहीच नसतं.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे त्यांना घरच्या जिन्यावर आठवडाभर करू द्या, म्हणजे गाडीपाशी आठवावं लागणार नाही. हाताने धरायचा दांडा दोन्ही बाजूंना हवा. एकच लावला तर चढताना जो डावीकडे असतो तो उतरताना उजवीकडे येतो. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना तिची फार मदत होते.

नर्मदाकाठची (इंदूर)

खूप आभार. मोजलं. आमच्या सुदामानगरच्या घराचा जिना पावणेसात इंचांचा आहे आणि आई दिवसातून दोनदा गच्चीवर जाते. आतल्या साडेदहा इंचांकडे माझं लक्षच नव्हतं, खरंच. आता बाहेर तीन पायऱ्या लावू का?

नकाशेवाला (बडोदे)

ताई, तीन नको, बाहेर दोनच पुरतील. मी बसबॉडीच्या कारखान्यात ३० वर्षं ड्रॉइंग काढली. पायऱ्या लहान की मोठ्या, हा पुढचा प्रश्न. आधी त्या सगळ्या सारख्या हव्यात. पाय पहिल्या पायरीची उंची लक्षात ठेवतो आणि पुढची तशीच असेल असं धरून उचलला जातो. असमान पायरीवर म्हणूनच ठेच लागते.

तुमचा हिशेब असा. जमिनीपासून फ्लोअर साडेसत्तावीस इंच. त्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक सात इंचांना थोडासा कमी, म्हणजे तुमच्या घरच्या जिन्याएवढाच. दारातली पायरी १७ वर आहे, ती साडेवीसवर आणायची. म्हणजे तिच्यावर साडेतीन इंचांची मजबूत पेटी बसवायची, खाली लोखंडी चौकट, वर मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवुड. फक्त दार बाहेर उघडणारं आहे ना आणि पेटीला घासत नाही ना, ते आधी बघा. आता आतला चढ सात इंच उरला. खालच्या साडेवीसचे तीन भाग करायला बाहेर दोन पायऱ्या. झालं, चार चढ आणि चारही एकसारखे.

बाहेरच्या दोन्ही पायऱ्या घडीच्या घ्या, पण नुसत्या बॉडीला लटकणाऱ्या नकोत, खाली पाय टेकणाऱ्या. लटकत्या पायरीवर वजन आलं की सगळा भार फ्लोअरच्या कडेवर आणि त्या चार बोल्टवर येतो, गाडीही स्प्रिंगवर झुकते. म्हाताऱ्या माणसाला ते हलणं जाणवतं आणि धीर सुटतो. पाय कमीजास्त करता येणारे असावेत, जमीन कुठेच सपाट नसते. पावलाची जागा दहा इंच खोल आणि रुंदी दोन फूट ठेवा. कुणी हात धरायला शेजारी उभं राहिलं तर वजन दोघांचं येतं, ते धरूनच पायरी निवडा.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या माळव्याच्या काळ्या मातीत, पाऊस पडून गेला की टेकणारे पाय आत रुततात. एक फूट लांब-रुंद प्लायचे दोन तुकडे गाडीत ठेवा आणि पायांखाली घाला. मग स्वतः वर उभं राहून दोनदा दाब द्या, आई नंतर.

एसटीची लेक (इंदूर, रामबाग)

एवढे पुरुष बोलले, साडीचं कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. घडीच्या पायऱ्यांच्या बाजूला कात्रीसारख्या पट्ट्या असतात, साडीचा काठ नेमका तिथे अडकतो. माझ्या सासूबाईंचा अडकला होता आणि त्या वरच्या पायरीवर होत्या. दोन्ही बाजूंना आतून पातळ पत्रा किंवा जाड रेक्झिन लावून घ्या. मधली मोकळी जागाही मागून झाका. उघड्या पायरीत पुढचं पाऊल आत घुसतं आणि वयस्कर माणसाला खालची जमीन दिसून गरगरतं.

अनवाणी चढत असतील तर पायरीची चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा धातूचा पत्रा, तशीच उघडी ठेवू नका. मे महिन्यात निमाडात ती तव्यासारखी तापते. वाळूच्या कागदासारखी काळी टेपही पायाला टोचते. मी जाड रबर चिकटवलं आणि चार कोपऱ्यांत स्क्रू मारले, नुसत्या गोंदाने उन्हात ते सुटतं.

नर्मदाकाठची (इंदूर)

पाच आठवड्यांनी लिहितेय. परिवहन कार्यालयात विचारलं, मगच कामाला हात घातला. लोहामंडीतून माल आणला आणि वेल्डरकडे मी स्वतः दोन दिवस बसले. नकाशेवाले काका, तुमचा हिशेब कागदावर काढून भिंतीला चिकटवला होता. पेटी बसली, दार घासत नाही. बाहेरच्या दोन पायऱ्या घडीच्या, टेकणाऱ्या. दांडे दोन्ही बाजूंना लावले आणि त्यांच्यावर सुतळी गुंडाळली, कारण स्टीलचा दांडा आईच्या हातातून निसटतो. ह्यांना विजेवरची नाही याचं जरा वाईट वाटलं. पण त्यातले पैसे वाचले, त्यातून पायरीखाली छोटा दिवा लावला, रात्री उतरताना लागतो.

घरापुढे आईला आधी दाखवलं. तिने वर जायच्या आधी खालूनच सगळ्या पायऱ्यांवर हात फिरवून बघितला, रबर दाबून बघितलं. मग डावा पाय, मग उजवा. मी मागे उभी होते, हात तयार ठेवून. लावावा लागला नाही.

परवा महेश्वरला गेलो. गाडी वर कच्च्या जागेत लावली, माती नरम होती, प्लायचे तुकडे घातले. आई उतरली तेव्हा मी चहाचा डबा काढत होते आणि मला कळलंच नाही. वळून बघितलं तर ती खाली उभी राहून साडी नीट करत होती. किल्ल्यापासून खाली घाटावर जायच्या पायऱ्या तिच्याने झाल्या नाहीत, त्या तिने वरूनच बघितल्या, बराच वेळ.

एक अडचण अजून आहे. उतारावर गाडी डावीकडे झुकलेली असली की खालची पायरी जमिनीला लवकर लागते आणि पहिला चढ चार इंचांचा होतो. पायरीचे पाय आखूड करून भागतं, पण त्यासाठी खाली बसून पिना काढाव्या लागतात आणि त्या गंजायला लागल्यात. काका, पितळेच्या पिना चालतील का? आता आईने पंढरपूर काढलंय. सेंधव्याचा घाट उतरायच्या आधी मला हे नीट करून घ्यायचंय.

नकाशेवाला (बडोदे)

पितळ मऊ असतं, तिथे नको. स्टेनलेसच्या घ्या, अर्धा इंच जाड, आणि प्रत्येक पिनेला साखळी लावा म्हणजे हरवणार नाहीत. निघायच्या आधी सगळे बोल्ट एकदा आवळा. आईंना नमस्कार सांगा.