सिझरला पूर्ण भूल: ट्यूब जाईपर्यंत बॅग दाबायची की नाही?

गोदाकाठ: सुरगाणा-पेठहून रात्री नाशिकला पाठवलेल्या गरोदर बाईला झटके आलेत, प्लेटलेट घसरलेत, म्हणजे मणक्यातली भूल बाद. अशा वेळी स्कोलीन (स्नायू ढिले करणारं, श्वास थांबवणारं औषध) दिल्यावर श्वासनलिकेत ट्यूब जाईपर्यंत ऑक्सिजनच्या बॅगला हात लावायचा नाही, हा जुना दंडक मला पटत नाही. नववा महिना म्हणजे फुप्फुसातला हवेचा साठा साधारण 20 टक्के कमी आणि ऑक्सिजनचा खर्च 20 ते 40 टक्के जास्त. त्यात वजन जास्त, कळा चालू. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) दोन मिनिटांच्या आत कोसळू शकतं. हलक्या हाताने बॅग दाबा, दाब 20 सेंमी पाण्याच्या आत.

पंचवटीकर: असहमत. मेंडेल्सनने 1946 मध्ये प्रसूतीतल्या 66 बायकांच्या फुप्फुसात पोटातलं गेल्याचं मांडलं, त्यातून, बॅगची हवा पोटात जाऊन आतलं वर येईल या भीतीने, हा दंडक आला. बॅग दाबायची वेळ येते, कारण भूल देण्याआधीचा ऑक्सिजनचा साठा अर्धवट भरलेला असतो. मास्क घट्ट, ऑक्सिजनचा फ्लो मिनिटाला 10 लिटर, 3 मिनिटं नेहमीचे श्वास. अगदीच घाई असेल तर मिनिटात 8 खोल श्वास. डोक्याकडची बाजू 20-30 अंश वर, उजव्या कुल्ह्याखाली उशी. आणि बॅगकडे बघा हो! श्वासाबरोबर ती हलत नसेल, तर मास्क गळतोय.

गोदाकाठ: मान्य. पण नाकात नळी ठेवून 5 लिटर, बाई झोपली की 15, हे तरी कराल ना?

पंचवटीकर: नळीमुळेच मास्कची कड उचलली जाते. सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन 90 टक्क्यांवर चढला तर ठेवा, नाहीतर नळी काढा.

घोटीवाला: तो आकडा दाखवणारा मॉनिटर छोट्या दवाखान्यात असतोच कुठे? कार्बन डायऑक्साइडचा आलेख तरी बघा. माथा सपाट हवा. बुटका, वाकडातिकडा असेल तर गळती समजा. दुसरं म्हणजे क्रिकॉइड (पोटातलं वर येऊ नये म्हणून गळ्यातल्या कूर्चेवर द्यायचा दाब): जागेपणी 10 न्यूटन, झोपल्यावर 30. जागा चुकली की श्वासमार्गच दबतो, मग बॅग जड लागते आणि माणूस आणखी जोर लावतो. ती हवा जाते थेट पोटात! पंचवटीकरांची भीती तिथे खरी ठरते. बॅग जड लागली तर आधी क्रिकॉइड सैल करा. ऑक्सिजनच्या बी-टाइप सिलिंडरचं गेजही बघून ठेवा: भरलेला 1500 लिटर, 10 च्या फ्लोला अडीच तास. काटा अर्ध्यावर म्हणजे सव्वा तास.

पंचवटीकर: सॅच्युरेशन 95 च्या खाली उतरू लागलं तर मीही दाबीन. पण पॉप-ऑफ (जादा दाब सोडणारी झडप) 20 वर ठेवून, आणि सक्शन (घशातलं ओढून घेणारी नळी) चालू करून उशीखाली.

गोदाकाठ: मी 95 ची वाट बघणार नाही. बोटावरचा आकडा मागून पळतो.