पाइपच्या सांगाड्याचे पोर्टेबल गॅरेज वाऱ्यात टिकेल असे कसे रोवावे?

प्रश्न
चारचाकीसाठी ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब असे पोर्टेबल गॅरेज घेतले आहे. सांगाडा लोखंडी पाइपचा असून त्यावर ताडपत्रीसारखे जाड कापड ताणलेले आहे. आठ पायांपैकी पुढचे चार काँक्रीटवर येतात आणि मागचे चार मातीत. सोबत आलेल्या खुंट्या जेमतेम वीतभर लांब असून हाताने सहज उपटता येतात. पायांशी वाळूची पोती ठेवली तर भागेल का?

प्रतिसाद १
पोत्यांवर भिस्त ठेवू नये. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ७२ किलोमीटरला तो दर चौरस मीटरवर साधारण २५ किलोग्रॅम भाराइतका असतो, तर ताशी १०८ किलोमीटरला ५६ किलोग्रॅमपर्यंत जातो. आपले छत १८ चौरस मीटरचे आहे; त्यावर तेवढीच ओढ वरच्या दिशेने धरली, तर पहिल्या वेगाला सुमारे ४५० आणि दुसऱ्या वेगाला सुमारे १००० किलोग्रॅमचा हिशेब होतो. हा भार आठही पायांवर सारखा वाटला जात नाही. त्यातच वाऱ्याकडची बाजू उघडी आणि मागची बंद असेल, तर आत शिरलेली हवा छताला खालूनही ढकलते. एवढ्यासाठी किती पोती रचावी लागतील, हे आपणच पाहावे.

प्रतिसाद २
वरील हिशेबाशी सहमत आहे. काँक्रीटच्या बाजूला पायाच्या बेसप्लेटमधून (पायाखालच्या सपाट पट्टीतून) १२ मिलिमीटरचे अँकर फास्टनर, म्हणजे छिद्रात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, बसवावेत, मात्र फरशीच्या कडेपासून किमान १२ सेंटीमीटर आत, नाहीतर कड फुटते. ड्रिल केल्यावर छिद्रातील भुकटी फुंकून आणि ब्रशने पूर्ण काढावी. ती राहिली की फास्टनर घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण त्याची पकड कमी भरते. फरशी म्हणजे नुसता पातळ थर असेल, तर या उपायाचा उपयोग नाही.

मातीत पाते असलेले स्क्रू अँकर पिळून खोल घालता येतात. जमीन दगडाळ असल्यास ते जात नाहीत आणि भुसभुशीत किंवा चिंब ओल्या मातीत त्यांची पकड सुटते. मी स्वतः प्रत्येक पायाखाली ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा, ६० सेंटीमीटर खोल खड्डा घेऊन, खालचे टोक वाकवलेला बोल्ट उभा धरून काँक्रीट भरणे पसंत करेन. असा एक ठोकळा सुमारे २९० किलोग्रॅमचा होतो. खणण्यापूर्वी जमिनीखालून विजेची केबल किंवा पाण्याची नळी गेलेली नाही ना, याची खात्री करावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मागे काँक्रीटचे ठोकळेच करतो. जादा आधारासाठी कापडाच्या कडेच्या रिंगांतून वायररोप ओवून जमिनीला बांधले तर चालेल का?

प्रतिसाद २
नाही, रिंगा फाटून निघतील. वायररोप सांगाड्याच्या वरच्या आडव्या पाइपला क्लॅम्पने धरून तिरका खाली आणावा आणि टर्नबकलने (पिळून दोर ताणायच्या स्क्रूच्या जोडाने) ताणावा. कापडही सैल राहू देऊ नये, कारण ते सतत फडफडले की नट ढिले होतात.

प्रतिसाद ३
एक भर घालतो. वादळाचा इशारा मिळाला की गाडी बाहेर काढून कापडच उतरवून ठेवावे. उघड्या पाइपांना वारा फारसा धरत नाही.