बहिणीचा बायॉप्सी रिपोर्ट लांबलाय, मधले दिवस कसे काढायचे?

धाकटी_नाशिक:
ताईच्या स्तनातल्या गाठीची कोअर बायॉप्सी (जाड सुईने तुकडा काढून तपासणी) शुक्रवारी झाली. सोनोग्राफीत बायरॅड्स ४बी (संशयाची श्रेणी) आलंय. लॅबवाले आधी ५ दिवस म्हणाले, आता म्हणतात 'अजून टेस्ट लावल्यात'. म्हणजे कॅन्सर निघाला का? ताई सारखी विचारते, 'तुला काय वाटतं गं?' काय सांगू?

स्लाइडवाला:
उशीर म्हणजे वाईट, असं गणित नाही. तुकडा फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास मुरावा लागतो; तिथे घाई केली तर पुढच्या टेस्ट फसव्या येतात. मग रात्रभर मशीनमध्ये, मेणाचा ब्लॉक, ३-४ मायक्रॉनचे काप, रंग. त्यात तुमचा रविवार मध्ये आला. पहिल्या कापात स्पष्ट कळलं नाही तर त्याच ब्लॉकचे आणखी खोलवरचे काप घेतात किंवा आयएचसी (पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगाने दाखवणारी टेस्ट) लावतात. आयएचसी दोन्हीसाठी असते: गाठ साधी की कॅन्सरची हे ठरवायला, आणि कॅन्सर ठरल्यावर ईआर, पीआर, हर-२ (उपचार ठरवायला लागणाऱ्या पेशींवरच्या खुणा) बघायला. त्यामुळे 'टेस्ट लावल्यात' यावरून काहीच ठरत नाही. काउंटरवर विचारून उपयोग नाही. ताईच्या डॉक्टरांनाच पॅथॉलॉजिस्टशी बोलायला सांगा. आणि ४बी म्हणजे कॅन्सरची शक्यता १० ते ५० टक्के, त्याहून जास्त नाही.

रुग्णमित्र:
तोवर कागद लावून ठेवा. जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म, सीडी, चालू औषधांची यादी. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचा उपयोग होण्यासारखा असेल तर शिधापत्रिका आणि आधारवरचं नाव आत्ताच जुळवून बघा. एकावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, इथेच गाडी अडते. दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक आणि स्लाइड (काचेवर लावलेले काप) दोन्ही लॅबमधून सही करून घ्यावे लागतात. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या स्लाइड पुन्हा तपासतात. ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. रिपोर्टआधी कुणी पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघणारा) सुचवला तर कशासाठी, हे आधी विचारा.

मीनल_समुपदेशक:
'काही होणार नाही बघ' हे मात्र म्हणू नका. ते खोटं आहे हे ताईला कळतं, आणि मग ती तुमच्याशीही बोलेनाशी होते. 'मलाही माहीत नाही गं. गुरुवारी ११ वाजता डॉक्टरांना फोन करू,' एवढं पुरे. फोनची वेळ ठरली की मधला वेळ थोडा सैल होतो. रिपोर्ट हल्ली रात्री दहालाही व्हॉट्सअॅपवर येतो; तो कुणी उघडायचा, की डॉक्टरांसमोरच उघडायचा, हे आजच ठरवा. निर्णय ताईचा. आईला कधी सांगायचं तेही तिलाच ठरवू दे. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या.

धाकटी_नाशिक:
धन्यवाद. सुई टोचली तिथे काळंनिळं झालंय. मावशी म्हणते, सुईने पसरतं.

स्लाइडवाला:
त्या भीतीने बायॉप्सी टाळण्यात खरा धोका आहे. काळंनिळं एक-दोन आठवड्यांत उतरतं. सूज वाढत असेल, ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी दाखवा. अॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, स्वतःहून बंद करू नका.