कुष्ठरोग आणि ‘ज्याचे त्याचे भोग’: तुमचं मत काय?

चिकित्सक:
परवा एका कीर्तनात ऐकलं, देहाचे भोग भोगूनच संपतात. ऐकायला बरं वाटतं, पण कुष्ठरुग्णाला गावाबाहेर काढताना हेच वाक्य कामी आलं. नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सनने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखवला, तरी ‘गेल्या जन्मीचं पाप’ सुटलं नाही. निराधार रुग्णांना डांबायची सोय करणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत चालत होतं. दुःखाचं बिल दुःखी माणसाच्याच नावावर फाडणारं तत्त्वज्ञान सुखवस्तू लोकांना फार सोयीचं पडतं.

माळकरी:
१८९८ चा कायदा इंग्रजांनी केला. ते काय कर्मविपाक वाचून बसले होते? माणसाला हाकलायला भीती पुरते. प्रारब्ध स्वतःपुरतं बोलायचं असतं. ‘माझे भोग’ म्हणणारा सोसायला बळ मिळवतो, ‘तुझे भोग’ म्हणणारा हात झटकतो. दुसऱ्याचा दोष पहिल्याच्या माथी का? सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना स्वतः मालिश करायचे, तेही श्रद्धेपोटीच.

चिकित्सक:
गांधीजी किती आणि हात झटकणारे किती? आणि सेवेतही एक वर, एक खाली असतोच. आनंदवनाचं मोठेपण मला वाटतं ते इथे: बाबा आमट्यांनी रुग्णांना नुसतं जेवू घातलं नाही, शेती करायला, विणायला, घरं बांधायला लावलं.

उपकेंद्रवाली:
तुमचं चालू द्या, आरोग्य उपकेंद्रात मी रोज बघते ते सांगते. पाठीवर फिकट, बधिर चट्टा असतो. बाई पदराखाली झाकते. येते तेव्हा बोटं वाकायला लागलेली असतात. गोळ्या फुकट आहेत, प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने. जंतू मरतात, पण गेलेली नस बहुतेकदा परत येत नाही. मग ती सांडशी न घेता तापलेला तवा उचलते आणि फोड आल्यावर कळतं. तिला शिकवावं लागतं: पाय पाण्यात भिजव, तेल लाव, तळवा आरशात बघ. मऊ रबराच्या खास चपला देतो, त्या घालत नाही. का, तर चपला बघून गाव ओळखतं! (वेगळ्या दिसणार नाहीत अशा चपला करायला कुणाचं प्रारब्ध आडवं येतं, देव जाणे.) ‘भोग आहेत ताई’ म्हणून ती धीर धरते, आणि तेच म्हणून गोळ्या अर्ध्यात सोडते. मी त्यावर वाद घालत नाही, पुढचं पाकीट तिच्या हातात ठेवते.

माळकरी:
ताई, नमस्कार तुम्हाला. आमच्या सप्ताहात असे दोघे-तिघे येतात, पंगतीत सगळ्यांबरोबरच बसतात.

चिकित्सक:
वाढायला उभे राहतात का?

माळकरी:
नाही. पंगतीला कुणी हरकत घेत नाही, वाढण्याला घेतील.

उपकेंद्रवाली:
उपचार पूर्ण झालेल्या माणसाकडून कुणाला लागण होत नाही, हे मी येऊन सांगू शकते. मंडळाला विचारा.

माळकरी:
वाढपी मी एकटा ठरवत नाही. या बैठकीत विषय काढतो. दोघं ज्येष्ठ नक्की उठून जातील.