मदत हवी आहे : सत्तरीतल्या व्हाळावर स्वॉट मॉडेल, जूनचं पाणी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाखाली म्हादई नदीला मिळणाऱ्या एका व्हाळाचं (ओढ्याचं) पाणलोट क्षेत्र स्वॉटमध्ये, म्हणजे पाऊस, माती आणि झाडांवरून पाणी नि गाळ काढणाऱ्या संगणकी मॉडेलात, बसवलंय. एमएस्सीचा प्रकल्प आहे. वर रान, मध्ये काजू, खाली कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. रान जाऊन आणखी काजू आला तर पाणी आणि गाळ किती वाढेल, कुळागरातलं खत किती उतरेल, हे काढायचंय. उंचीचा नकाशा 30 मीटरचा, पाऊस हवामान खात्याच्या 0.25 अंशाच्या जाळीतला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसालाच मॉडेल व्हाळ दुथडी भरून दाखवतं. प्रत्यक्षात तापलेली माती नि जांभा ते पाणी पिऊन टाकतात, व्हाळातल्या मोजपट्टीवरची पातळी जेमतेम हलते. उलट ऑक्टोबर सरला की मॉडेलातला व्हाळ कोरडा. खरा त्यानंतरही वाहतो, त्याच्यावरच तर कुळागरं शिंपतात! कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वरून वाहून जाईल हे ठरवणारा आकडा) उतरवला की जून सुधारतो, पण जुलैचे पूर फारच लहान दिसतात. गाळाचं तर विचारूच नका.

सर म्हणतात, आपोआप कॅलिब्रेशन (मोजलेल्या प्रवाहाशी जुळेपर्यंत मॉडेलचे आकडे बदलणं) चालू ठेव, नॅश-सटक्लिफ, म्हणजे जुळणीचा गुणांक, वर येईल. येईलही. पण चुकीच्या कारणाने आकडा जुळला, तर काजूबद्दलचं उत्तर खरं कसं मानायचं?

— वाळपयकार

—

शंका रास्त आहे. गाळाला तूर्त हात लावू नका. स्वॉटमधलं गाळाचं सूत्र वाहून गेलेल्या पाण्याचं आकारमान आणि कमाल प्रवाह यांवर चालतं. पाणी चुकलं की गाळ चुकणारच.

कर्व्ह नंबर मुळात अमेरिकेतल्या शेतजमिनींवरून आला, आणि तक्त्यातला आकडा 5 टक्के उतारासाठी धरतात. रोजचा कर्व्ह नंबर मातीच्या ओलीऐवजी बाष्पोत्सर्जनावरून (माती नि झाडांतून वाफ होऊन जाणाऱ्या पाण्यावरून) काढायचा पर्याय स्वॉटमध्ये आहे. तो पातळ मातीत पाणी फाजील वाहतं म्हणूनच दिला गेला. आधी तो लावून बघा. मग पाझर आणि भूजलाचे आकडे सुधारा; ऑक्टोबरनंतरचा प्रवाह त्यांवरच ठरतो.

मॉडेलातल्या पानांच्या क्षेत्राचा वर्षभराचा आलेखही काढा. मॉडेलातली झाडं थंड देशातल्यासारखी डिसेंबरात सर्वांत लहान दिवशी झोपी जातात. आपल्या रानाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर. हे न सुधारता रान आणि काजूची तुलना केलीत, तर ती कागदावरच्या झाडांची होईल.

पावसाच्या जाळीतली एक चौकट साधारण 27 किलोमीटरची. घाटमाथा आणि वाळपय एकाच चौकटीत सरासरी होऊन बसतात. जवळच्या पर्जन्यमापकाचे आकडे मिळवाच.

— पाणलोटवाला

—

आभारी आहे दादा. बाष्पोत्सर्जनाचा पर्याय आज रात्रीच चालवतो. एकच विचारतो: काजूला मॉडेलातला फळबागेचा तयार वर्ग लावू, की रानाचाच वर्ग घेऊन पानांचे आकडे बदलू? बागेत खालचं गवत दरवर्षी काढतात, त्यामुळे जमीन उघडी पडते.

— वाळपयकार

—

फळबागेचा घ्या, आणि गवत काढल्यानंतरच्या महिन्यांत जमिनीचं आच्छादन कमी धरा. माझ्या मते काजू आणि रान यांतला खरा फरक तिथेच आहे.

— पाणलोटवाला